जेम्स मरी आणि गोठलेली तळी

२०२१ साली पुश्चिनोच्या रशियन शास्त्रज्ञांनी याकुतियातल्या अलाझेया नदीजवळच्या पर्माफ्रॉस्टमधून, म्हणजे बारमाही गोठलेल्या जमिनीतून, काढलेला एक रोटिफर (पाण्यातला सूक्ष्म प्राणी) पुन्हा हलताचालता केला. तो ज्या मातीत सापडला ती सुमारे २४,००० वर्षांपूर्वीची होती. हिमयुगातला जीव उठून बसला म्हणून बातमी सगळीकडे झळकली. मला मात्र त्याच्या प्रजातीच्या नावाने खिळवलं : अ‍ॅडिनेटा. या प्रजातीतली एक जात १९१० साली जेम्स मरी नावाच्या स्कॉटिश माणसाने दक्षिण ध्रुवाकडच्या तळ्यांतून नोंदवली होती, आणि या मरीच्या मागे मी बरीच वर्षं आहे.

मरीकडे जाण्याआधी उत्तर ध्रुवाकडच्या तळ्यांचा संसार थोडक्यात असा. खालची जमीन बारमाही गोठलेली, त्यामुळे वर वितळलेलं पाणी मुरत नाही आणि टुंड्राभर तळीच तळी होतात. उथळ तळी हिवाळ्यात तळापर्यंत गोठतात, म्हणून त्यांत मासे टिकत नाहीत; आणि मासे नाहीत म्हणूनच डॅफ्निया आणि उताणी पोहणारी फेअरी श्रिम्प हे चिमुकले जलचर तिथे बिनधास्त वाढतात. जूनच्या सुमाराला बर्फ सुटलं की अंडी फुटायची, आणि पाणी पुन्हा मिटायच्या आत पुढच्या वर्षाची अंडी टाकून मोकळं व्हायचं. तिथली डॅफ्निया मिडेनडॉर्फियाना तर काळपट असते. उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही आणि स्वच्छ, उथळ पाण्यात खाली दडायला जागा नाही, तेव्हा अतिनील किरणांवर उपाय म्हणून कवचातच मेलॅनिन. माशांच्या तळ्यात असा गडद रंग म्हणजे आमंत्रणच ठरलं असतं. ध्रुवीय प्रदेशात या जातीचं नरावाचूनही भागतं.

तिचं नाव ज्याच्यावरून पडलं तो निसर्गशास्त्रज्ञ मिडेनडॉर्फ १८४०च्या दशकात सायबेरियात हिंडला. याकुत्स्कला शेर्गिन नावाच्या व्यापाऱ्याने विहिरीसाठी ११६ मीटर खणूनही पाणी लागलं नव्हतं. त्या कोरड्या विहिरीत तापमापक उतरवून मिडेनडॉर्फने जमिनीचं तापमान मोजलं. पर्माफ्रॉस्टच्या शास्त्राची सुरुवात तिथून धरतात. गोठलेली जमीन आणि तिच्यावरच्या पाण्यातला जीव, दोन्हींच्या खात्यावर एकाच माणसाचं नाव. पण त्याच्यावर मराठीत कधीतरी स्वतंत्र लिहायला हवं. इथे मरीकडे वळू.

मरी १८६५चा, ग्लासगोचा. कलाशाळेत शिकलेला. पुढे स्कॉटलंडच्या सरोवरांच्या पाहणीत जीवशास्त्रज्ञ म्हणून लागला, आणि रोटिफर व टार्डिग्रेड या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्राण्यांवर त्याचा हात बसला. १९०७मध्ये शॅकल्टनच्या ‘निम्रॉड’ मोहिमेत तो अंटार्क्टिकातल्या केप रॉइड्सला गेला. तिथल्या तळ्यांच्या बर्फात सहकाऱ्यांसह खणून त्याने तळचा थर वर काढला, वितळवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. रोटिफर चालू लागले. तळाशी लालसर डाग दिसतील इतक्या दाटीने राहणाऱ्या एका जातीला त्याने नाव दिलं फिलोडिना ग्रेगारिया. मग या जीवांना गोठव, सुकव, तापव, खारट पाण्यात टाक, असे प्रयोग त्याने चालवले. २०२१च्या बातमीचं बीज मला त्या प्रयोगांत दिसतं.

नंतरचं मरीचं आयुष्य वाचताना मात्र चीड येते. १९११मध्ये तो शोधप्रवासी फॉसेटबरोबर बोलिव्हियाच्या जंगलात गेला, जखमा चिघळून मरता मरता वाचला आणि फॉसेटशी त्याचं कायमचं बिनसलं. एवढं होऊन १९१३मध्ये स्टेफानसनच्या कॅनडियन आर्क्टिक मोहिमेत दाखल झाला. मोहीम दोन तुकड्यांची होती. अँडरसनची दक्षिण तुकडी किनारा आणि टुंड्रा बघणार. उत्तरेची तुकडी ‘कार्लुक’ जहाजातून समुद्र बघणार. मरीची नेमणूक समुद्रशास्त्रज्ञ म्हणून, म्हणजे ‘कार्लुक’वर.

जहाज बर्फात अडकलं. सप्टेंबरात स्टेफानसन शिकारीला म्हणून उतरला आणि वादळाने जहाज त्याच्याविना वाहवत नेलं. त्या वाहण्यातही मरी बर्फाच्या फटीतून जाळं सोडून समुद्रतळाचे जीव गोळा करत राहिला. ११ जानेवारी १९१४ला जहाज बुडालं. सगळे बर्फावरच्या छावणीत. आणि इथे एक कागद येतो : १ फेब्रुवारीचं पत्र, कप्तान बार्टलेटच्या नावे. खाली डॉक्टर मकाय, मरी, फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ बोशा आणि एक खलाशी यांच्या सह्या. आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर जमिनीकडे निघतो आहोत, असा मजकूर. बार्टलेटने १९१६च्या आपल्या पुस्तकात तो छापून टाकला, आणि तेव्हापासून चौघे हेकेखोर ठरले.

मला हा निकाल अर्धाच पटतो. मकायने त्याच ‘निम्रॉड’ मोहिमेत स्वतःच्या खांद्याने घसरगाडी ओढत दक्षिण चुंबकीय ध्रुव गाठला होता. त्याचा आत्मविश्वास कळतो. पण मरी? शॅकल्टन ध्रुवाकडे गेला तेव्हा मरी केप रॉइड्सचा तळ सांभाळत होता. लांब मजलांचा अनुभव मकायचा होता, मरीचा सूक्ष्मदर्शकाचा. अठ्ठेचाळीसच्या वयात तो दुसऱ्याच्या अनुभवाच्या भरवशावर चालू लागला. काही दिवसांनी छावणीकडे परतणाऱ्या सोबत्यांना ते दिसले : बोशाचे हातपाय गोठलेले, मरी थकून गेलेला. पुढे चौघांचा पत्ता नाही. ‘कार्लुक’ची एकूण अकरा माणसं गेली.

तिकडे दक्षिण तुकडीत फ्रिट्स जोहान्सेन नावाचा डॅनिश निसर्गशास्त्रज्ञ होता. ईशान्य ग्रीनलंडची मोहीम केलेला, चिवट गडी. बर्नार्ड हार्बर भागातली तळी त्याने पालथी घातली. १९१४च्या वसंतात त्याच्या तुकडीचं आणि स्टेफानसनचं सामानसुमान व अधिकार यांवरून कडाक्याचं वाजलं होतं. स्टेफानसनने १९२१च्या पुस्तकात या वादाला थेट बंड म्हटलं. त्याच १९२१मध्ये जोहान्सेनने फेअरी श्रिम्पची एक नवी जात जाहीर केली आणि नाव दिलं आर्टेमिऑप्सिस स्टेफानसोनी! मोहिमेच्या प्रमुखाला दिलेला रीतसर मान, की मिश्कीलपणा? मला रीतसर मानच वाटतो, पण दुसरी शक्यता सोडवत नाही. जोहान्सेनचं नावही तोपर्यंत एका जीवाला चिकटलं होतं. मार्श नावाच्या अभ्यासकाने १९२०मध्ये त्याच्या नमुन्यांतल्या एका कोपेपॉडला (हाही चिमुकला जलचर) लिम्नोकॅलॅनस जोहान्सेनी म्हटलं. पुढे कोमिता नावाच्या अभ्यासकाने अलास्कात बॅरोच्या इमिकपुक तळ्यात याच कोपेपॉडचा जीवनक्रम अभ्यासून १९५६मध्ये प्रसिद्ध केला.

जोहान्सेनच्या तुकडीकडचे रोटिफर अमेरिकेतल्या हॅरी हॅरिंगकडे गेले आणि त्यांच्यावरचा अहवाल १९२१मध्ये निघाला. अहवाल चांगलाच आहे. फक्त, मोहिमेच्या पगारपटावर मुळात त्या काळातला एक अव्वल रोटिफरतज्ज्ञ होता, आणि त्याला समुद्र मोजायला नेमलं होतं.