सिंकखालचं कपाट उघडून बघा

स्वयंपाकघरातल्या कपाटांना दहा-बारा वर्षं झाली, की ती बदलायची का हा विषय घरात निघतोच. सनमायका कडांना सुटलेला असतो, शेगडीजवळची शटरं तेलकट पिवळी पडलेली असतात, एखादं दार बिजागरीतून लोंबत असतं. मग शोरूममध्ये चक्कर होते आणि सगळं उपटून नवं बसवायचं असं ठरून जातं. माझ्या मते हा निर्णय भलत्याच गोष्टीकडे बघून घेतला जातो. नजर शटरांवर असते, पण कपाटाचं आयुष्य ठरतं ते आतल्या सांगाड्यावर, सुतार ज्याला बॉक्स म्हणतात त्यावर. बॉक्स धड असेल तर दर्शनी भाग बदलून तेच कपाट आणखी कित्येक वर्षं काम देतं. बॉक्स गेला असेल, तर त्यावर कितीही देखणा सनमायका चढवला तरी पैसे वायाच जातात.

बॉक्सची अवस्था कळायला तज्ज्ञ लागत नाही. सिंकखालचं कपाट पूर्ण रिकामं करायचं आणि टॉर्च घेऊन तळफळीची मागची कड, पाइप जातो ते भोक आणि भिंतीला टेकलेली बाजू नीट बघायची. कड फुगलेली दिसली, तर तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघायचं. लाकूड टणक लागलं तर डाग वरवरचा आहे. टोक सहज आत शिरलं किंवा भुसा निघाला तर ती फळी संपली. मग एखाद्या शटराची बिजागरी सोडवायची. बिजागरीच्या वाटीसाठी पाडलेली ३५ मिलिमीटरची गोल खाच म्हणजे आतल्या मालाकडे बघायची खिडकीच. एकावर एक थर दिसले तर प्लायवूड, लाकडाचे बारीक तुकडे दाबून बसवलेले दिसले तर पार्टिकल बोर्ड, आणि एकसारखा तपकिरी लगदा दिसला तर एमडीएफ. शटर आणि बॉक्स बरेचदा वेगवेगळ्या मालाचे असतात, म्हणून हीच तपासणी बॉक्सच्या एखाद्या उघड्या कडेवर किंवा पाइपाच्या भोकातही करायची.

हा फरक इतका महत्त्वाचा का, याचं उत्तर डिंकात आहे. स्वस्त पार्टिकल बोर्ड सहसा युरिया फॉर्मल्डिहाइड डिंकाने बांधलेला असतो. पाणी आणि ऊब एकत्र आली की ही पकड सुटत जाते, चुरा फुगतो आणि वाळल्यावरही पूर्वीच्या जाडीला येत नाही. त्यात स्क्रूही पुन्हा धरत नाही. आयएस ७१० या मानकाचं मरीन प्लायवूड मात्र फिनॉल फॉर्मल्डिहाइडने चिकटवतात आणि त्याच्या डिंकाची परीक्षा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून घेतात. अशा प्लायच्या बॉक्समध्ये बिजागरीचं भोक सैल झालं, तर त्यात डिंक लावून लाकडी खुंटी ठोकायची आणि नव्याने स्क्रू मारायचा, काम भागतं. कोकणपट्टीच्या दमट हवेत तर हा फरक फार लवकर दिसतो.

तपासणी केल्यावर सहसा असं आढळतं, की सिंकखालचा बॉक्स खराब आहे आणि शेगडीखालचा, भिंतीवरचे, कोपऱ्यातला हे सगळे ठणठणीत आहेत. म्हणजे प्रश्न सगळं ठेवायचं की सगळं काढायचं असा नसतोच. एकेका बॉक्सचा निकाल वेगळा लावता येतो. इथे ओट्याची बांधणी बघावी लागते. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत ग्रॅनाइट कडप्प्याच्या उभ्या फरश्यांवर टेकलेलं असतं आणि कपाटं किंवा ट्रॉल्या त्या फरश्यांमधल्या खणांत सरकवलेल्या असतात. तिथे एक खण रिकामा करून नवा बॉक्स बसवणं हे एखाद्या दिवसाचं काम आहे. कारखान्यातून आलेल्या काही मॉड्युलर किचनमध्ये मात्र ग्रॅनाइटचा भार थेट बॉक्सवरच असतो. तिथे बॉक्स काढायचा तर दगडाला आधार द्यावा लागतो, सांधे उघडतात, सिंक आणि नळाचं काम पुन्हा करावं लागतं. हा खर्च अंदाजपत्रकात सुरुवातीला सहसा दिसत नाही, म्हणून तो आधीच लिहून घ्यावा.

यावर सुतारांचा आक्षेप असतो, की जुन्यावर काम करायची मजुरी इतकी होते, की त्यापेक्षा नवं परवडतं. त्यात तथ्य आहे. जुना सनमायका उचकटताना प्लायचा वरचा थर सोलून निघतो. जुन्यावरच नवा चिकटवायचा, तर आधी तेलकटपणा पूर्ण काढून पृष्ठभाग घासावा लागतो. शिवाय फक्त बाहेरच्या बाजूला थर वाढवला की दोन्ही अंगांचा ताण असमान होतो आणि उंच शटर वाकू शकतं. म्हणून मी लॅमिनेटची शटरं पुन्हा मढवायच्या बाजूची नाही. शटरं नवी करा, बॉक्स ठेवा. सागवानी किंवा व्हिनियरच्या दारांची गोष्ट निराळी; ती घासून पुन्हा पॉलिश केली तर खरोखर नव्यासारखी होतात. फक्त हे काम पावसाळ्यात काढू नये, कारण दमट हवेत पॉलिशवर पांढुरकी झाक येते.

दुसरा आक्षेप हमीचा. नव्या किचनला हमी मिळते हे खरं, पण पाण्याने झालेलं नुकसान त्यात धरलं आहे का, ते वाचल्याशिवाय त्या हमीवर भिस्त ठेवू नये. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: मांडणीच गैरसोयीची असेल तर? ओटा इतका ठेंगणा, की भाजी चिरताना कंबर भरून येते, मिक्सर आणि पाण्याच्या फिल्टरला जागा नाही, कोपऱ्यातली भांडी काढायला गुडघ्यांवर बसावं लागतं. रोज तीन-चार तास तिथे उभ्या राहणाऱ्या व्यक्तीच्या शरीराला त्रास होत असेल, तर बॉक्स कितीही शाबूत असो, सगळं नवं करणंच योग्य. पण नुसती ट्रॉली हवी असेल किंवा रंगाचा कंटाळा आला असेल, तर त्यासाठी ओटा फोडू नये. जुन्या बॉक्समध्येही मापाप्रमाणे ट्रॉली बसते.

नवं करायचं ठरलं तरी आणखी एका गोष्टीचा विचार हवा. नव्या बोर्डातून फॉर्मल्डिहाइड वायू काही काळ सुटत राहतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तो माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरला. म्हणून कमी उत्सर्जनाचा, ई-० किंवा ई-१ प्रतीचा माल मागावा, चारही कडांना पट्टी लावून घ्यावी आणि सुरुवातीचे काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवाव्यात. पॉलिश करतानाही थिनरचा वास घरभर होतो, त्यामुळे घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर ते दिवस दुसरीकडे राहायची सोय बघावी.

यातलं काहीही करण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधायला हवं. सिंक आणि ग्रॅनाइटमधला सिलिकॉनचा सांधा, जाळीखालचा नट, फिल्टरची सांडपाण्याची नळी या तीन जागा कोरड्या कागदी रुमालाने पुसून तासाभराने पुन्हा बघाव्यात. भिंतीवर किंवा फळीच्या पाठीमागे मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी. तिचा बंदोबस्त भिंतीपासून आणि जमिनीपासून करून घ्यावा, मगच सुतार बोलवावा.