पहिलें घर आणि सरकारी साहाय्य

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं घरधन्याला विटा, चुना आणि गवंडी यांचीच काय ती विवंचना असे. आजच्या शहरांतील कुटुंब घर बांधीत नाहीं, तें विकत घेतें. आणि त्याची विवंचना विटांची नसून हप्त्यांची असते. पुढील वीस वर्षांच्या मिळकतीवर आजच सही करून द्यावयाची, हा मध्यम स्थितींतील गृहस्थाच्या आयुष्यांतील सर्वांत मोठा व्यवहार होय. अशा वेळीं ‘पहिलें घर घेणाऱ्यास सरकारी अनुदान’ हे शब्द कानांवर पडले म्हणजे मनाला धीर येतो. हा धीर कितपत साधार आहे? सरकार नेमकें काय देतें, कोणाला देतें, आणि दिलेला पैसा शेवटीं कोणाच्या पदरांत पडतो? या प्रश्नांचा विचार घर पसंत करण्यापूर्वींच झालेला बरा. बयाणा दिल्यानंतर त्याचा उपयोग नाहीं.

मुळांत खाजगी घराच्या खरेदींत सरकारनें हात कां घालावा? कारण उघड आहे. घराला लागणारा पैसा मनुष्याच्या हातीं येतो तो उतारवयांत. घराची गरज मात्र संसार मांडतांनाच भासते. हें अंतर पूर्वीं एकत्र कुटुंबानें भरून काढलें, कांहीं ठिकाणीं सहकारानें. मुंबईंत गामदेवी येथें १९१५ सालीं स्थापन झालेली सारस्वत गृहनिर्माण संस्था हें या दुसऱ्या मार्गाचें जुनें उदाहरण होय. पुढें गृहकर्ज देणाऱ्या संस्था निघाल्या आणि दीर्घ मुदतीच्या हप्त्यांची सोय झाली. परंतु आरंभीं भरावयाची रक्कम आणि व्याजाचा भार हे दोन धोंडे वाटेंत राहिलेच. सरकारी साहाय्य याच दोन धोंड्यांना हात लावतें. त्याचीं रूपें मुख्यतः चार: रोख अनुदान, व्याजांत सूट, करांत सूट आणि कर्जाबद्दल सरकारची हमी.

भारतांत यांपैकीं व्याजाच्या सवलतीला विशेष महत्त्व आलें. २५ जून २०१५ रोजीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी विभागांत अशी सवलत होती. वर्षाला ६ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला कर्जाच्या पहिल्या ६ लाखांवर साडेसहा टक्क्यांची सूट मिळे. ही सूट दरसाल थोडी थोडी न देतां, वीस वर्षांत मिळावयाच्या सवलतीची आजची किंमत काढून ती रक्कम एकदम कर्जाच्या मुद्दलांत जमा करीत. ती अधिकांत अधिक २ लाख ६७ हजार रुपये भरे. ९ टक्के व्याजानें वीस वर्षांच्या मुदतीचें ६ लाखांचें कर्ज काढल्यास महिन्याचा हप्ता सुमारें ५,४०० रुपये बसतो. मुद्दलांतून वरील रक्कम वजा होतांच तोच हप्ता सुमारें ३,००० रुपयांवर येतो. लहान मिळकतीच्या कुटुंबाला हें साहाय्य खरोखरच मोठें होतें. पुढें १८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मध्यम वर्गालाहि कमी दरानें ही सवलत मिळाली. मध्यम वर्गाची सवलत ३१ मार्च २०२१ रोजीं आणि इतरांची ३१ मार्च २०२२ रोजीं संपली.

१ सप्टेंबर २०२४ रोजीं योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यांत कुटुंबाचें उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असावें, अशी मर्यादा घातली गेली. सूट पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, तीहि बारा वर्षांच्या मुदतीपर्यंत. एकंदर रक्कम अधिकांत अधिक १ लाख ८० हजार रुपये, आणि ती पांच वार्षिक हप्त्यांनीं मिळावयाची. येथें एक बारकावा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. प्रत्येक हप्त्याच्या वेळीं कर्ज चालू असावें लागतें आणि मुद्दलाचा निम्म्याहून अधिक भाग फिटावयाचा असावा लागतो. म्हणजे पोटाला चिमटा घेऊन कर्ज लवकर फेडणारा काटकसरी गृहस्थ उरलेल्या अनुदानाला मुकावयाचा!

आतां या रकमेचें वजन पाहिलें पाहिजे. ३५ लाखांच्या घरापुढें १ लाख ८० हजार म्हणजे शेंकडा पांचांहून किंचित अधिक. साडेआठ टक्के व्याजाच्या, वीस वर्षांच्या २५ लाखांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारें २१,७०० रुपये येतो. तेव्हां वर्षाला मिळणाऱ्या ३६ हजारांत पुरते दोन हप्तेहि भागत नाहींत. दुसऱ्या बाजूला, मुंबईंत २०२५ सालीं खरेदीखतावर ६ टक्के मुद्रांकशुल्क होतें. ३५ लाखांवर तें २ लाख १० हजार रुपये झालें. केंद्र सरकार पांच वर्षांत जें देतें, त्याहून अधिक राज्य सरकार एका दिवसांत घेतें. महाराष्ट्रांत १ एप्रिल २०२१ पासून केवळ स्त्रियांच्या नांवें घर घेतल्यास या शुल्कांत एक टक्का सूट ठेवण्यांत आली. ३५ लाखांच्या घराला ती ३५ हजार रुपये होते. ही सूट पहिल्या घरापुरती नसली, तरी पहिलें घर घेणाऱ्या दांपत्यानें तिचा विचार अवश्य करावा.

याहून महत्त्वाचा प्रश्न ‘पहिलें’ या शब्दाचा आहे. व्यवहारांत हा शब्द सोपा. कायद्यांत तसा नाहीं. आवास योजना कुटुंब मोजते. पति, पत्नी आणि अविवाहित मुलें मिळून एक कुटुंब, आणि त्यांपैकीं कोणाच्याहि नांवें देशांत कोठेंहि पक्कें घर असतां कामा नये. प्राप्तिकराचा कायदा व्यक्ति मोजतो. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळांत मंजूर झालेल्या कर्जांसाठीं, ४५ लाखांपर्यंतच्या घराच्या व्याजावर दीड लाखाची जादा वजावट त्या कायद्यानें दिली, तेव्हां कर्ज मंजूर झालें त्या दिवशीं करदात्याच्या स्वतःच्या नांवें घर नसावें, एवढीच या बाबतींत अट होती. एकच गृहिणी एका कायद्यानें पहिलें घर घेणारी ठरावी आणि दुसऱ्यानें ठरूं नये, असा हा प्रकार आहे.

मराठी घरांतील एक प्रेमळ रीत येथें आड येते. वडील घर घेतात आणि मायेनें मुलाचें नांव खरेदीखतांत घालतात. मुलगा तेव्हां शाळेंत असतो. पुढें त्याचें लग्न होतें, दोन खोल्या अपुऱ्या पडतात, तो वेगळ्या घराच्या शोधास निघतो; आणि अर्ज भरतांना त्याला कळून येतें कीं कागदोपत्रीं आपण पूर्वींच घरमालक आहों. ज्या नांवानें वारसा सुरक्षित करावयाचा होता, त्याच नांवानें पहिल्या घराचा हक्क संपविला. मुलाला घर द्यावयाचें असेल तर मृत्युपत्राचा मार्ग मोकळा आहे. नांव घालण्यापूर्वीं वकिलाचा सल्ला घेणें श्रेयस्कर.

राहिला शेवटचा प्रश्न: हा पैसा जातो कोठें? याचा धडा ऑस्ट्रेलियाकडून घेतां येतो, कारण तेथें रोख अनुदानाचा प्रयोग दीर्घकाळ झाला. १ जुलै २००० रोजीं त्या देशांत वस्तु व सेवा कर आला. त्याची भरपाई म्हणून त्याच दिवसापासून पहिलें घर घेणाऱ्यास ७,००० डॉलर मिळूं लागले. २००८ सालच्या जागतिक मंदींत ही रक्कम जुन्या घराला १४,००० आणि नव्या घराला २१,००० डॉलर करण्यांत आली. वरवर पाहतां हें औदार्यच. परंतु तेथें पुष्कळ घरें लिलावानें विकलीं जातात. एका घरासाठीं दोन तरुण जोडपीं बोली लावीत आहेत आणि दोघांच्याहि खिशांत सरकारचे ७,००० डॉलर आहेत, अशी कल्पना करावी. घर एकच, मग वाढतें काय? बोली! शिवाय जेथें किंमतीचा दहावा हिस्सा रोख भरून बाकीचें कर्ज मिळतें, तेथें हातांतील ७,००० डॉलर ७०,००० डॉलरांच्या बोलीला बळ देतात. अनुदानाचा धनादेश निघतो तरुणाच्या नांवें, पण त्याचा मोठा वांटा विकणाऱ्याच्या पेढींत जमा होतो. हें उमगल्यावर न्यू साउथ वेल्स व क्वीन्सलंड या राज्यांनीं २०१२ सालीं आणि व्हिक्टोरियानें २०१३ सालीं जुन्या घरांचें अनुदान बंद करून तें नव्या घरांपुरतें ठेवलें. तर्क असा कीं, नवें घर बांधलें गेलें म्हणजे निदान घरांची संख्या तरी एकानें वाढते.

इंग्लंडचा अनुभव निराळ्या बाजूनें हेंच सांगतो. तेथें २०१३ ते २०२३ या काळांत नव्या घराच्या किंमतीच्या सामान्यतः पांचव्या हिश्श्यापर्यंत सरकारी कर्ज मिळे. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१९ सालच्या अहवालांत असें आढळलें कीं, सुमारें तीन पंचमांश लाभार्थी हें साहाय्य नसतेंहि तरी घर घेऊं शकले असते. जो उंबरठ्यावर उभा आहे त्याला असें साहाय्य आंत ढकलतें. जो रस्त्यावर आहे तो रस्त्यावरच राहतो.

भारतांतील योजनांनीं उत्पन्नाची आणि किंमतीची मर्यादा घालून हा दोष कांहींसा टाळला आहे. परंतु मर्यादेचाहि एक दंड असतो. मुंबई-पुण्याच्या मध्यवस्तींत ३५ लाखांत कुटुंबापुरतें घर मिळत नाहीं. त्यासाठीं शहराच्या टोकाशीं जावें लागतें. १ लाख ८० हजारांसाठीं लांबचें घर पत्करलें आणि वीस वर्षें रोजचे तीन तास आगगाडींत गेले, तर त्या अनुदानाची खरी किंमत काय झाली, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

सारांश, सरकारी साहाय्य नाकारूं नये. परंतु त्याला घराच्या निवडीचा अधिकारहि देऊं नये. अनुदान नाहीं असें समजून जें घर परवडतें, तेंच पसंत करावें. जाहिरातींतील सवलत विकणाऱ्यानें किंमतींत आधींच मिळविलेली नाहीं ना, हें शेजारच्या इमारतींतील भाव विचारून पडताळावें. आणि मग कागद नीट वाचून अर्ज करावा. पहिलें घर एकदांच होतें. त्याचा हप्ता दर महिन्याला येतो. अनुदान फार तर पांच वेळां.