उच्च रक्तदाब आणि स्वहस्ते बिंदुदाब : साहाय्य कोठवर?

आमच्या बाह्यरुग्ण विभागात औषधांच्या खिडकीपाशी रुग्णांचे नातेवाईक एक प्रश्न वारंवार विचारतात : "हातापायांवरचे बिंदू दाबले की रक्तदाब उतरतो म्हणतात, ते खरं आहे का?" या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येण्यासारखे नाही. म्हणून आमच्या डॉक्टरांशी विचारविनिमय करून ही माहिती देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यापुढे ठेवीत आहोत.

हृदय आकुंचन पावताना धमन्यांच्या भिंतींवर जो दाब पडतो तो वरचा आकडा, आणि हृदय शिथिल असतानाचा दाब तो खालचा आकडा होय. निरनिराळ्या दिवशी मोजूनही दवाखान्यातील रक्तदाब 140/90 किंवा त्याहून अधिक आढळल्यास त्यास सामान्यतः उच्च रक्तदाब म्हणतात. या विकाराची खरी अडचण अशी की, बहुतेकांना त्याचा काहीच त्रास जाणवत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही. परंतु हृदय, मेंदू, मूत्रपिंडे व डोळे यांची हानी आतल्या आत होत राहते.

बिंदुदाब अर्थात अॅक्युप्रेशर ही पद्धती प्राचीन चिनी वैद्यकातून आलेली आहे. अॅक्युपंक्चरमध्ये ज्या बिंदूंवर सुया टोचतात, त्यांपैकी अनेक बिंदूंवर येथे बोटांनी दाब देतात. 'ची' नावाची जीवनशक्ती ठरावीक मार्गांनी शरीरात वाहते, अशी त्यामागील पारंपरिक धारणा आहे. आधुनिक शरीररचनाशास्त्रास असे मार्ग आढळलेले नाहीत. काही लहान अभ्यासांत बिंदुदाबानंतर रक्तदाब काहीसा उतरल्याचे दिसले आहे. तथापि त्यामुळे पक्षाघात वा हृदयविकाराचा झटका टळतो, असे सिद्ध झालेले नाही. शांत बसणे, श्वास संथ करणे व मनावरील ताण हलका होणे हा लाभ मात्र बहुतेकांना अनुभवता येतो.

सर्वसाधारणपणे पुढील बिंदू वापरले जातात :

1. हेगू : हाताचा अंगठा व तर्जनी यांमधील मांसल भाग.
2. नेइग्वान : मनगटाच्या आतील बाजूस, घडीपासून तीन बोटे वर, दोन शिरांसारख्या ताठ दोऱ्यांच्या मधोमध.
3. चूची : कोपर दुमडल्यावर पडणाऱ्या घडीचे बाहेरील टोक.
4. ताइचोंग : पायाचा अंगठा व त्याशेजारील बोट यांमधील खोबणीत, पावलाच्या वरच्या बाजूस.

खुर्चीत टेकून स्वस्थ बसावे. अंगठ्याने सोसेल इतकाच दाब देऊन प्रत्येक बिंदू एक ते दोन मिनिटे गोलाकार दाबावा, मग दुसऱ्या बाजूस तसेच करावे. गर्भवती स्त्रियांनी हेगू बिंदू दाबू नये. जखम, सूज किंवा फुगलेल्या शिरा असलेल्या जागी दाब देऊ नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. गळ्याच्या बाजूस, जेथे नाडी लागते, तेथे तर कधीही चोळू नये.

आता एक अप्रिय गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याच शिबिरात एका आजोबांनी हे बिंदू शिकून घेतले. ते नेमाने दाबू लागले, त्यांना बरे वाटू लागले आणि त्यांनी गोळी बंद केली. पुढे उजवी बाजू लुळी पडलेल्या अवस्थेत त्यांना आमच्याकडे आणले. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "अण्णांना छान झोप लागायची हो, मग आम्हाला वाटलं, आता गोळी कशाला?" त्या माउलीचा यात काहीच दोष नव्हता. गोळी चालूच ठेवायची, हे शिबिरात स्पष्ट शब्दांत सांगावयास हवे होते आणि ते आम्ही सांगितले नव्हते. आजोबा आता काठी घेऊन चालतात. परंतु त्यांची वाणी पूर्ववत झाली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे बिंदुदाब शिकविण्यापूर्वी रक्तदाब मोजून चालू औषधांची नोंद घेतली जाते. रुग्णास दिल्या जाणाऱ्या पत्रकावर पहिलेच वाक्य ठळक अक्षरांत असते : "डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळी बंद करू नये."

रक्तदाब घरी मोजताना त्यापूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू टाळावी, पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली व दंड हृदयाच्या पातळीवर असावा, आणि आकडे वहीत लिहावेत. दिवसभराच्या आहारातील मीठ 5 ग्रॅमपेक्षा, म्हणजे सुमारे एका लहान चमच्यापेक्षा, कमी असावे. पापड व लोणचे यांतील मीठही त्यातच धरावे. छातीत कळ येणे, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे किंवा बोलणे अडखळणे ही लक्षणे दिसताच बिंदू दाबीत न बसता रुग्णास तत्काळ रुग्णालयात आणावे.

रक्तदाबाच्या गोळीचा खर्च तसा थोडा. परंतु तो रोजचा व बहुधा आयुष्यभराचा असतो, आणि गरीब घरात सर्वप्रथम तोच कापला जातो. पक्षाघातानंतरचा खर्च मात्र संपूर्ण कुटुंबास वाहावा लागतो. आमच्या औषध साहाय्य निधीस हातभार लावणाऱ्या देणगीदारांमुळे ही साखळी काही घरांत तरी तुटते. त्यांचे ऋण आम्ही कृतज्ञतापूर्वक नमूद करतो. बिंदुदाब जरूर करावा. तो गोळीच्या जोडीने करावा, गोळीच्या जागी नव्हे, एवढीच सर्वांस नम्र विनंती.