मनावरचा ताण दातांच्या मुळावर

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि म्हसळा, श्रीवर्धन तालुक्यांतील घरांचे, नारळी-पोफळीच्या बागांचे अतोनात नुकसान झाले. नव्याने लावलेल्या पोफळीला फळ धरण्यास ५ ते ७ वर्षे लागतात. म्हणजे बागायतदाराची चिंता एका रात्रीची नव्हे. अशा दीर्घ ताणाचा परिणाम तोंडाच्या आरोग्यावरही होतो, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

ताणामुळे कॉर्टिसॉल हे संप्रेरक दीर्घकाळ वाढलेले राहिल्यास प्रतिकारशक्ती मंदावते व हिरड्यांचा दाह बळावतो. तोंडातील आम्ल सौम्य करणारी लाळ कमी झाल्याने दात किडतात. सर्वांत फसवे लक्षण झोपेत दात खाण्याचे. घरची मंडळी जंतांचे औषध देतात, रुग्ण डोकेदुखीची गोळी घेतो आणि दातांचे कवच झिजत राहते. करोनाकाळात, २०२१च्या प्रारंभी, अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या पाहणीत ७० टक्क्यांहून अधिक दंतवैद्यांनी असे रुग्ण वाढल्याचे सांगितले होते.

त्यात मिश्रीची सवय असली, की निदान आणखी लांबते. तंबाखूतील निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावून हिरड्यांतील रक्तस्राव लपतो. दात खाणाऱ्यांना दंतवैद्य रात्री घालण्यासाठी 'नाइट गार्ड' देतात. त्याने झीज रोखली जाते. मूळ ताणावर उपचार वेगळा करावा लागतो.