चिठ्ठी पंधरा दिवसांची, गोळी वर्षानुवर्षे

पूर्वी झोपेसाठी बार्बिट्युरेट हे औषध वापरत आणि त्याची मात्रा जास्त झाली तर जीव जाई. त्यानंतर लिओ स्टर्नबाख यांनी अमेरिकेत शोधलेले पहिले बेंझोडायझेपिन, म्हणजे मन शांत करणाऱ्या आणि झोप आणणाऱ्या गटातले औषध, १९६० मध्ये 'लिब्रियम' या नावाने बाजारात आले, १९६३ मध्ये डायझेपाम. आज याच गटातली अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम गावातल्या मेडिकलमध्येही मिळतात.

मेंदूतले 'गाबा' हे रसायन पेशींची उत्तेजना आवरते. ते ग्राहीला चिकटले की पेशीचे दार उघडते, क्लोराइड आत शिरते आणि पेशी शांत होते. बेंझोडायझेपिन हे दार स्वतः उघडत नाही. गाबा असेल तरच ते अधिक वेळा उघडायला लावते. म्हणून एकटी गोळी बार्बिट्युरेटइतकी घातक नाही. सोबत दारू किंवा ट्रामाडोलसारखे वेदनाशामक असेल, तर मात्र श्वास मंदावून माणूस दगावू शकतो.

न थांबणारी फिट आवरायला, दारू सुटतानाचा त्रास सावरायला हे औषध फार मोलाचे आहे. तिथे त्याची भीती बाळगू नये. खरी अडचण रोजच्या झोपेसाठी ते घेण्यात आहे. काही आठवड्यांतच मेंदू त्याला सरावतो. मग पंधरा दिवसांसाठी लिहिलेली चिठ्ठी वर्षानुवर्षे चालते. म्हाताऱ्या माणसांचा रात्री उठताना तोल जातो, खुब्याचे हाड मोडते, विसरभोळेपणा वाढतो. घरचे म्हणतात, वय झालं. डायझेपामचा अंमल तर दुसऱ्या दिवशीही राहतो, तेव्हा सकाळी मोटारसायकलला किक मारण्याआधी विचार करावा.

जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय गोळी नव्हेच. झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीची धास्ती बदलणारे मानसोपचार आधी करायचे असतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाहीत, हे मला फार खटकते.

अल्प्राझोलाम, डायझेपाम 'एच-१' यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि दुकानदाराला प्रत्येक विक्रीची नोंद ठेवावी लागते. तेव्हा शेजारणीची गोळी मागून घेऊ नका, आपली कुणाला देऊ नका.

घरात कुणी महिनोन्महिने ही गोळी घेत असेल, तर ती एकदम बंद करू नका. त्याने फिट येऊ शकते. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि मात्रा हळूहळू उतरवून घ्या. मन फार अस्वस्थ असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येते.