अपघातानंतरचा हक्क (लेखांक ४) : पगारपत्रक नसलेल्या कष्टाची किंमत

ट्रकच्या अपघातानंतर चालक, मालक आणि विमा कंपनीविरुद्ध दावा कसा दाखल करायचा, हे मागच्या लेखांकात पाहिले. दाव्यात सर्वांत जास्त वाद होतो तो कमाईवर : गेलेला माणूस महिन्याला किती मिळवत होता?

नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ गोंदिया जिल्ह्यात सडक अर्जुनी आणि देवरी तालुक्यांतून जातो. त्यावर अवजड ट्रकांची रांग रात्रंदिवस चालू असते. त्याच रस्त्यावरून रोवणीला निघालेले मजूर, राईस मिलमधले हमाल आणि स्वतःची धानाची बांधी कसणारे शेतकरी जातात. यांच्यापैकी कोणाकडेही पगारपत्रक नसते. म्हणून विमा कंपनी देईल ती रक्कम घरचे मुकाट्याने स्वीकारतात. तसे करू नका.

२०२१ मध्ये एका अवजड वाहनाच्या चालकाच्या मृत्यूप्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पगाराचा दाखला नसेल तर किमान वेतनाचा दर आधार म्हणून घेता येतो. पण तोच शेवटचा आकडा मानायचे बंधन नाही. जॉबकार्ड, बँकेचे पासबुक, धानविक्रीच्या पावत्या, सातबारा आणि कामावर ठेवणाऱ्याची साक्ष यांतून खरी कमाई दाखवता येते. ‘जमीन तर कुटुंबाकडेच राहिली,’ असे शेतकऱ्याच्या बाबतीत विमा कंपनी म्हणते. जमीन राहते, पण ती कसणारे हात आणि देखरेख जातात. त्यांची किंमत दाव्यात मागावी. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही न्यायालये मोल देतात.

आता हिशेब. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी त्याची रीत ठरवून दिली आहे. समजा, ३२ वर्षांचा मजूर महिन्याला १०,००० रुपये मिळवत होता. मागे पत्नी, दोन मुले आणि आई आहेत. चाळिशीच्या आतला असल्याने भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरून १४,००० होतात. चार जण अवलंबून असल्याने त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की १०,५०० उरतात, म्हणजे वर्षाला १,२६,०००. या वयाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचे तो आकडा, १६. रक्कम येते २०,१६,०००. अंत्यविधीचा खर्च आणि सहवास हरपल्याची रक्कम वेगळी.

कमाई १०,००० ऐवजी ७,००० धरली, तर हीच रक्कम १४,११,२०० वर येते. कागद जपण्याचे महत्त्व इथे कळते.

आणखी एक. नोव्हेंबर २०२४ मध्ये याच जिल्ह्यातल्या डव्वा गावाजवळ शिवशाही बस उलटल्यावर मृतांच्या वारसांना शासनाने मदत जाहीर केली होती. अशी सानुग्रह मदत म्हणजे तातडीचा आधार. ती स्वीकारली म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा भरपाईचा हक्क संपत नाही.

कायद्यात दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. त्या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असले, तरी त्यावर विसंबून राहू नका. वकिलांचे शुल्क परवडत नसेल, तर गोंदियाच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदतीसाठी अर्ज करा.

पुढच्या आठवड्यात : चालकाकडे वैध परवाना नसेल, तर पैसे कोण देणार?