भैरूचा की बहिरीचा?

अहमदनगरच्या निजामशाहीची वंशावळ उघडली की पहिलंच नाव मलिक हसन बहिरी. या 'बहिरी'ने मला कॉलेजच्या दिवसांपासून छळलं आहे. बहिरी म्हणजे ससाणा, हिवाळ्यात उत्तरेकडून दख्खनच्या तळ्यांवर उतरणारा. एका राजघराण्याच्या मूळपुरुषाला शिकारी पक्ष्याचं नाव का पडावं? उत्तर शोधायला नगर सोडून बिदरला जावं लागतं, कारण हसनची सगळी कारकीर्द बिदरच्या बहमनी सुलतानांच्या चाकरीतली.

बिदरच्या मुलखाला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद काही सुलतानांनी लावलेला नाही. जिल्ह्यातलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांचं कल्याण. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' सिद्ध केला. मराठी वाचक या ग्रंथाकडे वळतो तो मांडे-पुरणपोळ्यांसाठी, नाहीतर त्यातल्या जुन्या मराठी पदासाठी. पण राजाने मन कशात रमवावं हे सांगताना सोमेश्वर वीस विनोद मोजतो आणि कोंबड्यांच्या, लाव्यांच्या, मेंढ्यांच्या झुंजींबरोबर 'श्येनविनोद' असा एक अख्खा अध्याय ससाण्यांना देतो. गो. कृ. श्रीगोंदेकरांनी गायकवाड प्राच्यमालेत १९२५पासून हा ग्रंथ खंडाखंडाने छापून काढला. तरी श्येनविनोदाकडे आपल्या अभ्यासकांनी स्वयंपाकघराच्या मानाने फारच कमी पाहिलं, असं माझं मत आहे.

सुलतानी काळात या नादाला फारसी परिभाषा मिळाली. पाळीव शिकारी पक्ष्यांचे दोन वर्ग: पिवळ्या डोळ्यांचे ते गुलाबचश्म, काळ्या डोळ्यांचे ते स्याहचश्म. शिक्रा आणि बाज पहिल्या वर्गात. बहिरी, शाहीन, लग्गड दुसऱ्यात. शिक्रा हा गरिबाचा पक्षी. तो सहज मिळतो, लवकर माणसाळतो. त्याला मुठीत धरून भाल्यासारखा भिरकावायचा की तो तितरावर, लाव्यावर झेपावतो. बहिरीचं काम वेगळं. तो उंच चढतो, पंख मिटतो आणि तासाला तीनशे किलोमीटरच्या वर वेग घेत कोसळतो. त्याच्यासाठी मोकळं माळरान, चांगला घोडा आणि भरपूर रिकामा वेळ लागतो. म्हणून तो दरबाराचा.

रानातून पकडलेला बहिरी हातावर आणायची जुनी रीत निर्दय होती. खालच्या पापणीतून बारीक दोरा ओवायचा, दोन्ही टोकं डोक्यावर घेऊन बांधायची, म्हणजे पापण्या वर ओढल्या जाऊन डोळे मिटतात. आंधळा झालेला पक्षी धडपडत नाही. मग त्याला चामडी हातमोज्यावर घेऊन बाजदार रात्र रात्र बसणार, बाजारात फिरणार, माणसांचा गलका ऐकवणार. मांसाचा तुकडा मिळेल तो मुठीवरच. पक्षी निवळेल तसतसा दोरा सैल होतो आणि जग थोडं थोडं दिसू लागतं. पुढे लांब दोरीवरची उड्डाणं आणि शेवटी दोरीविना. पक्षी परत येतो तो प्रेमाने नव्हे, भुकेने. फार खायला दिलं तर तो उडून जातो, फार उपाशी ठेवलं तर मरतो. ही भूक अचूक ओळखणारा माणूस सुलतानाला शिकारीवर सतत जवळ हवा असतो, आणि दरबारात जवळीक हीच दौलत.

हसनची गोष्ट इतिहासकार फरिश्ता सांगतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हसन मूळचा विजयनगरचा ब्राह्मण, नाव तिमाप्पा, भैरूचा मुलगा. अहमदशाह बहमनीच्या फौजेने त्याला लहानपणी कैद केलं, मुसलमान करून हसन नाव दिलं आणि शहजाद्याबरोबर शिकवलं. शहजाद्याला 'भैरू' म्हणता येईना, तो 'बहिरी' म्हणू लागला. दुसरी समजूत अशी की हसनकडे सुलतानाच्या ससाण्यांचा कारभार होता, म्हणून तो बहिरी.

हसन पुढे फार वर चढला. त्याला निजाम-उल-मुल्क हा किताब आणि तेलंगणची सुभेदारी मिळाली. वजीर महमूद गावानने सुभ्यांचे तुकडे पाडले तेव्हा वरंगळ हातचं गेलं आणि हसनकडे राजमहेंद्रीच उरली. हा सल तो विसरला नाही. गावानच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवून त्यावर ओरिसाच्या राजाला लिहिलेलं बनावट पत्र तयार झालं आणि ५ एप्रिल १४८१ रोजी म्हाताऱ्या वजिराचं डोकं उडालं. या कटात हसनच्या दख्खनी गटाचा हात होता. मग हसन स्वतः सर्वेसर्वा झाला आणि १४८६मध्ये बिदरमध्येच मारला गेला. मुलगा अहमद याने १४९०मध्ये वेगळी चूल मांडली.

आता वाद असा, की बहिरी खरा कोणता? नगरचा दरबारी इतिहासकार सय्यद अली तबातबा तर अहमदचं रक्त थेट बहमनी सुलतानाशी जोडतो. त्याला ना भैरू हवा ना बाजदार. फरिश्ता आधी नगरला होता, नंतर विजापुरात इब्राहीम आदिलशाहाच्या पदरी गेला. विजापुरात बसून नगरकरांचं कुळ काढायला त्याला मोकळीक होती, हे धरलं तरी मी त्याच्याच बाजूने आहे. कारण पाथरी. त्याच घराण्याचा नातू बुऱ्हाण निजामशाह वऱ्हाडच्या इमादशाहाकडे पाथरी परगणा मागतो, बदल्यात दुसरा देऊ करतो, नकार मिळाल्यावर १५१८मध्ये तो जिंकून घेतो आणि तिथल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम देतो. पूर्वज विजयनगरला जाण्याआधी पाथरीचे कुलकर्णी होते, म्हणून. कुळाची नुसती थट्टा असती तर त्यासाठी कोणी फौज काढली नसती.

म्हणजे माझ्या हिशेबी नाव भैरूचं आणि पक्षी नंतर येऊन बसलेला. हसनने खरोखर ससाणे सांभाळले असतील, नसतीलही. पण ससाणा दरबारात इतका मानाचा होता की कैद झालेल्या ब्राह्मणपोराच्या बापाचं नाव त्याच्याआड सहज झाकता आलं, आणि नातवंडांना ते बिरुद म्हणून मिरवता आलं. हसनच्या पणतूची मुलगी म्हणजे चांदबिबी. तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी दख्खनी चित्रकारांनी ती रंगवली तीही घोड्यावर स्वार, मुठीवर ससाणा घेतलेली. इब्राहीम आदिलशाहाचं तसंच एक देखणं चित्र सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे.

हा नाद आता आपल्याकडे चालणार नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संपवला आणि शिवलेल्या पापण्या आठवल्या की मला त्याची खंत वाटत नाही. युनेस्कोने २०१०मध्ये ससाणेपालन वारशाच्या यादीत घेतलं. पुढे त्यात पाकिस्तान आला, भारत नाही. खंत आहे ती वेगळी. हत्तीखाने, घोड्यांच्या पागा, तोफखाने यांवर आपण पानंच्या पानं लिहिली आणि ज्या शिकारखान्यातल्या पक्ष्याच्या आडोशाला एका कुलकर्ण्याच्या वंशाचं मूळ झाकलं गेलं, त्यावर मराठीत धड एक प्रकरणही माझ्या पाहण्यात नाही.